वाळूच्या पोटातले आठ महिने

मराठी संतांनी कासवीला फार मोठा मान दिला. ती पिल्लांना दूध पाजत नाही, घास भरवत नाही, दुरून नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्ले वाढतात, अशी ही कल्पना; गुरूच्या कृपेला ‘कूर्मदृष्टी’ म्हणायचे ते याच कल्पनेच्या आधाराने. यातला पहिला भाग निरीक्षण म्हणून अगदी खरा आहे. कासवी पिल्लांना भरवत नाही. पण ती बघतही नाही. मागच्या पायांनी खड्डा उकरायचा, त्यात अंडी सोडायची, वर वाळू लोटून पोटाने ती दाबायची आणि पाण्यात निघून जायचे, एवढाच तिचा आणि पिल्लांचा संबंध. पुढचे सगळे महिने अंड्यांना ऊब देणे, ओल राखणे, पिल्लू बाहेर पडायच्या वेळी वरचा थर भुसभुशीत असणे, ही आईची कामे काठची वाळू आणि माती करते. म्हणून कासवांच्या संरक्षणाचा आढावा घ्यायचा तर कासवापासून नव्हे, काठापासून सुरुवात करायला हवी. कासव वाचवणे म्हटले की जाळ्यातून सोडवलेले, पोत्यातून बाहेर काढलेले एखादे कासव डोळ्यांपुढे येते. ते काम मोलाचे आहेच. पण नदीतल्या कासवांचे पुढच्या पन्नास वर्षांचे भवितव्य ठरते ते अंडी वाळूत पडून असतात त्या महिन्यांत, आणि आपले कायदे, धरणांचे व्यवहार, रेतीचे लिलाव या सगळ्यांत नेमके तेच महिने दुर्लक्षिले गेले आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला जबलपूरजवळची नर्मदा ही चांगली जागा आहे. मराठी माणसाला ही नदी परकी नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल जबलपूरवर होता, आणि आजही परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसांचे ‘नर्मदे हर’ ग्वारीघाटावर, तिलवाऱ्याला, भेडाघाटला ऐकू येते. बरगीचे धरण, तिथून खाली ग्वारीघाट, तिलवारा, लम्हेटा आणि पुढे धुआंधार धबधबा व संगमरवरी कडे, एवढ्याशा टप्प्यात बांधलेले पाणी, वाहते पाणी, वाळूचे पट्टे, खडक, शहराचे नाले आणि यात्रेकरूंची गर्दी असे सगळेच येते. लम्हेटाघाटावरूनच इथल्या एका खडकथराला ‘लमेटा’ हे नाव मिळाले. कॅप्टन स्लीमनला १८२८मध्ये जबलपूरला डायनोसॉरची हाडे सापडली ती याच थरांत, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला याच थरांतून कासवांचे जीवाश्मही मिळाले आहेत. डायनोसॉर गेले, कासवांचे कुळ मात्र दख्खनच्या ज्वालामुखीतूनही तगले. ज्या प्राण्याने ते सोसले तो आज पोकलेनच्या एका फेरीपुढे हतबल आहे. याचे कारण त्याच्या अंडी घालण्याच्या रीतीत आहे.

नर्मदेत प्रामुख्याने तीन प्रकारची कासवे लक्षात घ्यावी लागतात. पहिले गंगेचे मऊ पाठीचे कासव. याची पाठ चामड्यासारखी, नाक सोंडेसारखे पुढे आलेले. पाण्याबाहेर फक्त ते टोक काढून ते श्वास घेते आणि दिसले न दिसले तोच खाली जाते. दुसरे झडपांचे कासव. ते आकाराने लहान, संकटात पाय आत ओढून मागच्या झडपा बंद करून घेणारे, आणि नदीपेक्षा तलाव, डबकी, भाताची खाचरे यांत जास्त रमणारे. तिसरे कठीण पाठीचे, मधोमध कणा उंचावलेले, तंबूसारखे दिसणारे. ते खडकांवर ऊन खात बसते म्हणून तेवढे सहज दिसते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत पहिले ‘संकटग्रस्त’ आणि दुसरे ‘असुरक्षित’ गटात आहे. जगातल्या सुमारे ३६० कासवजातींपैकी निम्म्याहून अधिक धोक्यात आहेत, हे लक्षात घेतले तर ही अवस्था अपवादात्मक नाही. पण नदीकाठच्या माणसाला ती जाणवत नाही, आणि त्यालाही कारण आहे. कासव उशिरा वयात येते आणि खूप वर्षे जगते. दहा वर्षे एकही पिल्लू तगले नाही तरी खडकावर ऊन खाणारी मोठी कासवे तशीच दिसत राहतात. नदी भरलेली वाटते. प्रत्यक्षात तिथे फक्त म्हातारी पिढी उरलेली असते. ‘आमच्या घाटावर तर कासवे रोज दिसतात, मग धोका कुठे आहे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर असे की मोठी कासवे मोजून काही कळत नाही. घरटी आणि पिल्ले मोजावी लागतात.

आता ते वेळापत्रक जवळून पाहू. गंगेच्या मऊ पाठीच्या कासवाची मादी उत्तर भारतातल्या नोंदींप्रमाणे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत अंडी घालते. अंडी पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी. ती उबायला आठ-नऊ महिने लागतात. पिल्ले पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडतात, पहिल्या सरींनी वाळू सैल होते आणि वाढत्या पाण्याबरोबर ती नदीत उतरतात. तंबू कासवाची लांबट अंडीही हिवाळा-उन्हाळ्यात काठावरच असतात. थोडक्यात, ऑक्टोबर ते जून या काळात नर्मदेचा काठ म्हणजे प्रसूतिगृह आहे. दुसरीकडे माणसाचे वेळापत्रक बघा. मध्य प्रदेशात मासेमारी १६ जून ते १५ ऑगस्ट बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. रेतीचा उपसाही पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असतो. दोन्ही नियम योग्य आहेत. पण कासवांसाठी त्यांचा उपयोग उलटा होतो: अंडी काठावर नसतात किंवा नुकतीच पडू लागलेली असतात तेव्हा काठ शांत असतो, आणि अंडी वाळूत विसावली की रेतीचे हायवा ट्रक उतरायला सुरुवात होते. कुणी हे मुद्दाम केलेले नाही. नियम करताना पाण्यातल्या जिवाचा विचार झाला, वाळूतल्या जिवाचा झाला नाही, एवढेच. अंडे फुटले तरच ते मरते असेही नाही. गर्भ सुरुवातीच्या काळातच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो; नंतर अंडे उलटे झाले तरी तो गुदमरतो. वरून गेलेल्या चाकाने वाळू दबली, उपसताना थर सरकला, तर घरटे जागच्या जागी संपते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कठीण पाठीच्या अनेक जातींत तर पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते, मऊ पाठीच्या कासवांत ते जनुकांवरून ठरते. म्हणजे सावलीचा काठ, उघडा काठ, उंच पट्टा, सखल पट्टा, असे वेगवेगळे काठ उरले पाहिजेत. एकच ‘राखीव’ तुकडा ठेवून भागत नाही.

रेतीइतकाच दुसरा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे, आणि तो कमी बोलला जातो. बरगीचे धरण, म्हणजे राणी अवंतीबाई लोधी सागर, १९९०च्या सुमारास पुरे झाले. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या माळेतले ते पहिले. त्याचे वीजघर ९० मेगावॉटचे आहे. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडले जाते, म्हणून खालच्या नदीची पातळी ऋतूप्रमाणे नव्हे तर तासाप्रमाणे हलते. धरण नसलेल्या नदीत पावसाळा ओसरला की पाणी हळूहळू खाली जाते आणि जूनपर्यंत खालीच राहते. कासवी जागा निवडते ती या पिढ्यान्पिढ्यांच्या हिशेबाने. हिवाळ्यात किंवा मार्चमध्ये अवचित चढलेले पाणी तिच्या हिशेबात नसते. घरटे काही तास बुडाले तरी अंड्यांना हवा मिळत नाही. शिवाय धरणाच्या भिंतीमागे गाळ आणि वाळू अडून राहते, त्यामुळे खाली उपसलेली वाळू पुराबरोबर परत भरून येण्याचे प्रमाण घटते. म्हणजे धरण आणि उपसा हे दोन वेगळे धोके नाहीत. एक नवी वाळू येऊ देत नाही, दुसरा जुनी राहू देत नाही. यावर कुणी म्हणेल की धरण पाडा म्हणता का? तशी मागणी इथे नाही. ज्या धरणासाठी १६२ गावे बाधित झाली, ते आता जबलपूरचे पाणी, कालवे आणि वीज यांच्याशी जोडलेले आहे. मागणी छोटी आहे. ऑक्टोबर ते जून या काळात पाणी सोडण्याची कमाल पातळी घरट्यांच्या उंचीशी जुळवून ठरवावी आणि पातळीतला चढउतार एकदम न करता टप्प्याटप्प्याने व्हावा. त्यासाठी घरट्यांची उंची मोजलेली असली पाहिजे. ते काम पट्टी आणि वही यांनी होणारे आहे.

सगळ्यात जोरदार आक्षेप रेतीचा आहे. घरे, पूल, शाळा रेतीशिवाय होत नाहीत आणि हजारो मजुरांची चूल तिच्यावर पेटते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मे २०१७मध्ये मध्य प्रदेश सरकारने नर्मदेतला उपसा सरसकट बंद केला होता आणि त्याच वर्षी नवे रेती धोरण आणून तो मार्ग सोडूनही दिला. सरसकट बंदी टिकत नाही. ती रेतीचा भाव वाढवते, चोरटा उपसा वाढवते आणि मग ‘पर्यावरण म्हणजे अडवणूक’ हा ग्रह पक्का होतो. पण सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्या मध्ये बरीच जागा आहे. कासवी कुठेही अंडी घालत नाही. तिला पाण्यापासून योग्य अंतरावरचा, पुरेसा उंच, मुळे आणि दगड नसलेला पट्टा लागतो. असे पट्टे मोजके असतात आणि बरेचसे वर्षानुवर्षे तेच राहतात. दर वर्षी लिलावाआधी हे पट्टे आखून रेतीघाटांच्या नकाशातून वगळले तर उपशाचा फार मोठा भाग तसाच चालू राहू शकतो. जबलपूरच्या आसपास दगड मुबलक आहे. दगड भरडून केलेली वाळू बांधकामात आता रुळली आहे. सरकारी कामांनी तरी ती आधी वापरावी. इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी: नकाशावर वगळलेला पट्टा रात्री पोकलेनपासून वाचला नाही तर हा सगळा खटाटोप कागदावर राहील.

नदीपासून जरा शहरात आले तर झडपांच्या कासवाची गोष्ट वेगळीच दिसते. जबलपूरला ‘बावन्न तालांचे शहर’ म्हणत. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा, अशी नावांतच सोळाव्या शतकातल्या गढा-मंडला राज्याची सगळी माणसे जपली आहेत. त्यातल्या राणीतालाच्या जागी आज क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल ही एक वस्ती. जे तलाव उरले त्यांचे ‘सुशोभीकरण’ चालते, आणि झडपांच्या कासवाच्या दृष्टीने बुजवणे आणि सुशोभित करणे यांत फारसा फरक नाही. हे कासव उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात स्वतःला गाडून घेते. अंडी काठच्या मातीत घालते. भोवती उभी काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर चालायची वाट झाली की त्याला ना चिखल उरतो ना माती. पाणी आहे, कमळे आहेत, कारंजेही आहे, पण कासवाला तलावातून बाहेर पडायला एक उतार नाही. उपाय स्वस्त आहे: तलावाच्या परिघातली एक बाजू तरी मातीच्या उताराची, झुडपांची, दिव्यांशिवाय सोडायची. याच तलावांत आणखी एक भर पडते ती घरात पाळून कंटाळलेल्या लाल गालांच्या अमेरिकी कासवांची. वास्तू चांगली राहते म्हणून आणायची आणि मोठी झाली की ‘पुण्य म्हणून’ पाण्यात सोडायची, हा प्रकार मुंबई-पुण्यापासून सगळीकडे आहे. ती स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगतात. इथे पुण्य सोडण्यात नाही, न आणण्यात आहे.

मग शिकार आणि तस्करीचे काय? अनेक अभ्यासक तोच मुख्य धोका मानतात, आणि मध्य प्रदेशाने त्या आघाडीवर खरोखर काम केले आहे. राज्याच्या विशेष व्याघ्र पथकाने चंबळच्या दुर्मीळ कासवांची तस्करी करणारी आंतरराष्ट्रीय टोळी पकडली आणि २०२१मध्ये सागरच्या न्यायालयाने त्यातल्या तेरा जणांना सात वर्षांची शिक्षा दिली. मऊ पाठीच्या कासवांच्या कवचाच्या कडेचा चिवट भाग उकळून, पापडासारखा वाळवून देशाबाहेर पाठवतात. त्या पट्टीकडे बघून जात ओळखता येत नाही, डीएनए तपासावा लागतो. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठात वन्यप्राणी न्यायवैद्यकाचे स्वतंत्र केंद्र आहे, ही या बाबतीत मोठी जमेची बाजू. कायदाही कमकुवत नाही. मऊ पाठीच्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. १८७२मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले, त्या लीथच्या मऊ पाठीच्या कासवाला भारताच्या प्रस्तावावरून २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. हे सगळे हवेच, कारण वयात आलेली एक मादी मारली गेली तर तिच्या पुढच्या अनेक वर्षांची अंडी जातात. पण पकडलेली कासवे सोडायची कुठे? जिथे काठ उरलेला नाही अशा नदीत सोडलेले कासव जगेल, तिथे त्याचा वंश चालणार नाही. तस्करी थांबवणे म्हणजे गळती थांबवणे. भरणा काठावरच होतो.

पैदास केंद्रांचा पर्याय पुष्कळांना आकर्षक वाटतो. त्याचा सगळ्यात बोलका अनुभव वाराणसीचा. गंगा कृती योजनेत, अर्धवट जळलेले देह कासवे खातील आणि पाणी स्वच्छ होईल या अपेक्षेने, हजारो कासवे वाढवून नदीत सोडली गेली आणि १९८९मध्ये रामनगर ते राजघाट हा सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य झाला. २०२०मध्ये त्याचा दर्जा काढून घेण्यात आला. घाटांची वर्दळ, होड्या, नाले या सगळ्यांच्या मध्ये कासवांकडून सफाई कामगाराचे काम करून घेण्याची कल्पनाच चुकीची होती. शहराचे सांडपाणी शहरानेच शुद्ध करायचे असते. ग्वारीघाटाला नाल्यांच्या पाण्यासाठी हाच न्याय लागू आहे. उलट चंबळमध्ये, जिथे १९७९पासून मोठा लांब पट्टा अभयारण्य म्हणून राखला गेला आणि घरटी जागच्या जागी किंवा जवळच्या कुंपणात जपली जातात, तिथे लाल डोक्याचे दुर्मीळ कासव अजून टिकून आहे. म्हणजे केंद्र हे काठाला जोड म्हणून उपयोगी पडते, काठाऐवजी नाही. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण वेळासचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने समुद्री कासवांची घरटी राखली आणि पुढे कासव महोत्सवही सुरू झाला. तिथे किनारा शाबूत होता, म्हणून राखण करणे पुरेसे ठरले. नर्मदेत आधी किनारा शाबूत ठेवावा लागेल, आणि समुद्री कासवाभोवती जमतात तशी माणसे या चिखलाच्या रंगाच्या, लाजऱ्या कासवांभोवती जमणार नाहीत, हेही गृहीत धरावे लागेल.

राखण करणार कोण, हा शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक प्रश्न. पाणी ओसरले की केवट, ढीमर, बर्मन ही नावाडी-मासेमार कुटुंबे उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज, काकडीच्या वाड्या लावतात. वऱ्हाडात जशा डांगरवाड्या तशाच. या वाड्याही कासवांच्या जागेवरच येतात आणि खणताना अंडी फुटतात, म्हणून त्यांना हटवावे, असे सुचवले जाते. हे अन्यायाचे आहे आणि मूर्खपणाचेही. बरगीच्या बुडिताने ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी कितीतरी जण मासेमारीवर आले. त्यांना काठावरूनही काढले तर काठावर उरेल फक्त रेतीवाला. आणि कोणत्या वळणावर कासवी चढते, कोल्ह्याने कुठले घरटे उकरले, जाळ्यात अडकून किती कासवे बुडाली, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. सापडलेले घरटे न हलवता त्याभोवती काटक्यांचे कुंपण करणाऱ्या वाडीवाल्याला हंगामाअखेर ठरलेली रक्कम मिळावी, जाळ्यात अडकलेले कासव जिवंत सोडणाऱ्याला चौकशीची भीती नसावी, एवढी व्यवस्था वनखात्याला अशक्य नाही. कान्हा, बांधवगड, पेंच यांच्या वेशीवर असलेल्या या शहरात वाघासाठी रोजंदारीचे पहारेकरी ठेवण्याची रीत आहेच. कासवासाठी त्यातले पाच-दहा जणही पुरे.

भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र केंद्र, राज्य वन संशोधन संस्था आणि पशुवैद्यक विद्यापीठ, तिन्ही जबलपुरातच आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रेतीघाट खुले व्हायच्या आत, या तिघांची माणसे आणि वाडीवाले यांनी बरगीच्या भिंतीपासून भेडाघाटापर्यंतचे दोन्ही काठ पायी तपासावेत, घरट्याच्या जागी बांबूची खूण रोवावी, तिची पाण्यापासूनची उंची लिहून घ्यावी आणि ती यादी एकाच दिवशी खनिज अधिकारी आणि बरगीच्या वीजघराकडे पोचवावी. जूनमध्ये पुन्हा त्याच खुणांपाशी जाऊन किती पिल्ले बाहेर पडली ते मोजावे. परिक्रमावासी त्याच काठाने चालत असतात. त्यांना बांबूच्या खुणेचा अर्थ ठाऊक असला तर ते तिला वळसा घालून जातील.